चार नॉब आणि आत्याचा आवाज

शनिवारची दुपार. जेवण झालेलं, बाहेर रणरणतं ऊन, आणि मी हेडफोन घालून लॅपटॉपसमोर. स्क्रीनवर एका कॉम्प्रेसर प्लगइनचं चित्र. थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज. चार नॉब. आठवडाभर दोन-दोनशे ओळींच्या कॉन्फिग फाइलींशी झटणाऱ्या माणसाला चार पॅरामीटर म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटलं होतं. तिथेच फसलो.

झालं असं, की माझ्याकडे आमच्या आत्याचं एक रेकॉर्डिंग होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गाणं कुणाकडे शिकलेली नव्हती, पण देवघरासमोर बसून अभंग-गौळणी म्हणायला लागली की शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. एका दिवाळीत मी हौसेनं आणलेला यूएसबी माइक तिच्यासमोर ठेवला आणि ती पाऊण तास गायली. मागे पंख्याची घरघर, मध्येच कुकरची शिट्टी. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला सगळे जमणार, तेव्हा "ते रेकॉर्डिंग जरा नीट करून सगळ्यांना पाठव" अशी घरून फर्माईश आली.

आता आत्याची गायची पद्धत अशी, की एक ओळ जवळजवळ कुजबुजल्यासारखी आणि पुढच्या ओळीला एकदम खुला आवाज. मोबाइलच्या स्पीकरवर पहिली ओळ ऐकूच येत नव्हती, आणि दुसरीला स्पीकर फाटत होता. नेटवर शोधलं. सगळे म्हणाले, कॉम्प्रेसर लावा. लावला. त्यात गाण्यासाठी म्हणून एक तयार प्रीसेट होता, तो निवडला. सगळं कसं एका पातळीत, खणखणीत! खूश होऊन आईला ऐकवलं.

आईनं दोन मिनिटं ऐकलं. मग म्हणाली, "अरे, वन्सं अशा ओरडून नव्हत्या रे गात कधी."

पुन्हा ऐकलं तर आईचं बरोबर होतं. कुजबुजलेली ओळ आता खुल्या ओळीइतकीच मोठी झाली होती. दोन ओळींच्या मध्ये आत्या घ्यायची तो श्वास फुसफुस करत पुढे आला होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर पंखाही वर यायचा. सूर तेच, शब्द तेच, पण बाई दुसरीच कुणीतरी गात होती. आणि आठ दिवसांनी पन्नास नातेवाईक आत्याचा आवाज म्हणून हेच ऐकणार होते!

मग प्रीसेट बंद केला आणि म्हटलं, हे चार नॉब मुळात आले कुठून ते तरी बघू. कोड कळत नसेल तर त्याचा इतिहास उकरावा, ही आपली धंद्यातली सवय. तो इतिहास इतका मजेदार निघाला की दोन वीकएंड त्यातच गेले.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकतो. कॉम्प्रेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झिप किंवा एमपीथ्री येते. ते वेगळं. तिथे फाइल लहान होते. इथे फाइलचा आकार तेवढाच राहतो. लहान होतं ते सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर. हे अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. ते डेसिबलमध्ये मोजतात, आणि साधारण ६ डेसिबल वाढले की लहरीची उंची दुप्पट होते. इतकं गणित पुरे.

तर गोष्ट सुरू होते रेडिओपासून. १९२० च्या दशकात अमेरिकेत, युरोपात रेडिओ स्टेशनं उभी राहिली. तेव्हाचं प्रसारण एएम पद्धतीचं, म्हणजे आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमीजास्त करायची. ह्या उंचीला मर्यादा असते. आवाज त्या मर्यादेपलीकडे गेला की लहर तळाशी कापली जाते, श्रोत्याला फाटका आवाज येतो, आणि वर शेजारच्या स्टेशनाच्या पट्ट्यातही घाण होते. उलट आवाज फार हळू असेल तर तो खरखरीत बुडून जातो. म्हणजे वर छत आणि खाली चिखल, आणि ऑर्केस्ट्राला ह्या दोन्हींच्या मध्ये बसवायचं.

ह्यावर तेव्हाचा उपाय एकच होता. माणूस. एक इंजिनीअर मीटरकडे डोळे लावून, नॉबवर हात ठेवून बसायचा. ढोल-तुताऱ्या येणार असं दिसलं की नॉब हळूच मागे, एकटं व्हायोलिन आलं की पुढे. ज्यांना संगीत वाचता यायचं ते समोर स्वरलिपी उघडूनच बसायचे, म्हणजे पुढच्या पानावर काय वाढून ठेवलंय ते आधीच कळायचं.

ह्या माणसाला नीट लक्षात ठेवा. माझ्या मते कॉम्प्रेसरची सगळी गोष्ट ह्या माणसाच्या हाताची आहे. तो हात चार गोष्टी न बोलता ठरवत होता. कधी हात घालायचा? किती दाबायचं? किती चटकन दाबायचं? आणि कधी सोडायचं? थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज. झाले की चार नॉब!

पण हाताला एक अडचण होती. माणसाला दचकायलासुद्धा वेळ लागतो. अचानक कुणी जोरात खोकलं की हात पोचेपर्यंत आवाज फाटून झालेला असायचा. म्हणून १९३० च्या दशकात हे काम करणारी यंत्रं आली. त्यातलं एक नावाजलेलं म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचं ११०-ए, साल १९३७. काम सरळ होतं. आवाज ठरलेल्या रेषेच्या वर गेला की यंत्र आपोआप तो दाबणार. ह्यात एक फायदाही होता. छताला डोकं आपटायची भीती गेल्यामुळे सरासरी आवाज थोडा वर उचलता यायचा. नवा मोठा ट्रान्समीटर न घेता स्टेशन श्रोत्याला जास्त मोठं आणि लांबवर ऐकू जायचं. ही लालूच लक्षात ठेवा, पुढे तिनं फार उच्छाद मांडला.

दुसरी गंमत मीटरची. १९३९ मध्ये बेल लॅब्ज, एनबीसी आणि सीबीएस ह्यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवला. काटा डुलणारा तो मीटर तुम्ही जुन्या टेपरेकॉर्डरवर पाहिला असेल. त्याचा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. आवाजाची खरी पातळी दाखवायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. कारण आपल्या कानाला मोठेपणा जाणवतो तो थोड्या वेळाच्या सरासरीवरून, क्षणभराच्या टोकावरून नाही. आजही प्लगइनमध्ये पीक आणि आरएमएस असा एक स्विच दिसतो ना, त्याचं मूळ इथे आहे. पीक म्हणजे ट्रान्समीटरची काळजी, आरएमएस म्हणजे कानाची.

आता यंत्र हाताच्या जागी बसलं खरं, पण हातासारखं वागायचं कसं? ह्या प्रश्नाला पुढच्या चाळीस वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि आज आपण जे प्लगइन वापरतो ते बहुतेक ह्यांच्याच नकला आहेत.

पहिलं उत्तर, फेअरचाइल्ड. एस्टोनियात जन्मलेल्या राइन नार्मा ह्यांनी अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी हे यंत्र बनवलं. मोनोसाठी ६६०, स्टीरिओसाठी ६७०. ६७० मध्ये वीस व्हॉल्व, अकरा ट्रान्सफॉर्मर, आणि वजन तीस किलोच्या घरात. अडचण होती तबकड्यांची. तबकडीत खाच कोरताना आवाज फार मोठा झाला तर खाच शेजारच्या खाचेत घुसते. त्यात नुकत्याच स्टीरिओ तबकड्या आल्या होत्या. त्यात डाव्या-उजव्या बाजूतला फरक सुईच्या वरखाली हालचालीत कोरलेला असतो, आणि तो प्रमाणाबाहेर गेला तर घरी सुई खाचेतून उडी मारते. म्हणून ६७० मध्ये डावा-उजवा असं न दाबता मधला आणि बाजूचा असं वेगळं दाबायची सोय होती. आजच्या प्लगइनमधलं मिड-साइड बटण बघून मी नेहमी विचार करायचो, हे कुणाच्या डोक्यातून आलं? तर ते सुईनं उडी मारू नये म्हणून आलं :)

फेअरचाइल्डवर रेशोचा नॉबच नाही. व्हॉल्वचा स्वभावच असा, की जितकं जास्त ढकलाल तितकं तो जास्त आवरतो. हळूहळू, वळण घेत. ह्यालाच आपण आता सॉफ्ट नी म्हणतो. नी म्हणजे गुडघा. आलेखावर रेषा जिथे वाकते तो सांधा. काटकोनात वाकली तर हार्ड, गोलाईनं वाकली तर सॉफ्ट. लंडनच्या ॲबे रोडवर बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमच्या वेळी जेफ एमरिक ह्यांनी रिंगोच्या ड्रमवर फेअरचाइल्ड इतका दाबून लावला, की ड्रम श्वास घेतोय असं वाटायला लागलं. तबकडी वाचवायला केलेलं यंत्र असं वाद्य होऊन बसलं.

दुसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं. जिम लॉरेन्स नावाचे इंजिनीअर टायटन क्षेपणास्त्रासाठी प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरवर काम करून आलेले होते. त्यांनी काय करावं? आवाजाच्या विजेवर एक दिव्याची पट्टी पेटवली आणि तिच्यासमोर प्रकाशानं अवरोध बदलणारा तुकडा ठेवला. आवाज मोठा, दिवा प्रखर, अवरोध कमी, आणि तेवढा आवाज आपोआप दाबला जातो. हाच टेलिट्रॉनिक्सचा एलए-२ए, १९६० च्या दशकातला. त्यावर मुख्य नॉब फक्त दोन. किती दाबायचं, आणि दाबून झाल्यावर एकूण किती वर उचलायचं.

मग अटॅक-रिलीज कोण ठरवणार? तो दिवा आणि तो तुकडा. अटॅक सरासरी १० मिलिसेकंद. रिलीज मात्र दोन टप्प्यांत. दाबलेलं निम्मं सुमारे ६० मिलिसेकंदात सुटतं, आणि उरलेलं सावकाश, कित्येकदा काही सेकंद घेत. किती वेळ, ते आधी किती वेळ आणि किती प्रखर उजेड पडला त्यावर ठरतं. म्हणजे त्या तुकड्याला स्मरणशक्ती आहे म्हणा ना! उन्हातून घरात आल्यावर आपले डोळे जसे आधी चटकन थोडे आणि मग हळूहळू पूर्ण सरावतात, तसं. गाणाऱ्या आवाजावर हे यंत्र इतकं का शोभतं, ते मला इथे कळलं. त्या नॉबवरच्या माणसाचा हातही असाच सुटायचा. आधी पटकन थोडा, मग अंदाज घेत.

तिसरं उत्तर बिल पटनम ह्यांचं, १९६७ मधलं ११७६. आता व्हॉल्व गेले, ट्रान्झिस्टर आले. वेग बघा. अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद! सीडीच्या ४४,१०० सॅम्पलमधला एक सॅम्पल सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे ह्या यंत्राचा सगळ्यात जलद अटॅक एका सॅम्पलपेक्षाही छोटा. रिलीज ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. रेशोसाठी चार बटणं, ४, ८, १२ आणि २०. थ्रेशोल्डचा नॉब नाही, रेषा ठरलेली. इनपुट वाढवून आवाजच त्या रेषेपलीकडे ढकलायचा. आणि अटॅकचा नॉब उलटा, उजवीकडे फिरवला की जलद. ह्याचं प्लगइन वापरताना मी तासभर उलट्या दिशेनं खटपट करत होतो. मॅन्युअल वाचावं म्हणतात ते ह्यासाठी. काही वात्रट लोकांनी चारही बटणं एकदम दाबून पाहिली, आणि त्यातून निघालेला चिरडलेला आवाज इतका आवडला की आता प्लगइनमध्ये त्याची खास सोय असते.

ह्याच सुमाराला एक पात्र आपल्याकडे येऊन गेलं. रे डॉल्बी! सिनेमाच्या थिएटरात ज्यांचं नाव दिसतं तेच. १९६३ ते १९६५ ह्या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, चंडीगडला वैज्ञानिक उपकरणांची राष्ट्रीय संस्था उभी राहत होती त्या कामात. इथून ते लंडनला गेले, १९६५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी टेपची खरखर कमी करणारं यंत्र आणलं. युक्ती अशी, की रेकॉर्ड करताना हळू आवाज वर उचलायचे आणि वाजवताना बरोबर तेवढेच खाली आणायचे. खाली येताना टेपची खरखरही सोबत साधारण १० डेसिबल खाली जाते. म्हणजे आधी कॉम्प्रेस, मग उलटं. पण हे उलटं करणं जमतं ते फक्त आधी नेमकं काय केलं होतं ते ठाऊक असलं तरच. स्टुडिओतल्या कॉम्प्रेसरला असा उलटा भाऊ नसतो. एकदा दाबलं की दाबलं. म्हणून मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. (मी ठेवली होती. धंद्यातली दुसरी सवय.)

चौथं उत्तर, डेव्हिड ब्लॅकमर आणि त्यांची डीबीएक्स कंपनी. १९७६ चा त्यांचा डीबीएक्स १६० बघितला की एकदम घरी आल्यासारखं वाटतं, कारण त्यावर थ्रेशोल्ड आणि रेशो वेगवेगळे, स्पष्ट. अटॅक-रिलीज तो आवाज बघून आपलं आपण ठरवतो. रेशो समजायला हाच बरा. समजा थ्रेशोल्ड उणे २० वर आहे आणि आत्याचा आवाज उणे ८ वर गेला. म्हणजे रेषेच्या वर १२ डेसिबल. रेशो ४:१ असेल तर १२ च्या जागी फक्त ३ बाहेर येणार, म्हणजे उणे १७. दाबले गेले ९ डेसिबल. आता हे ९ भरून काढायला मेकअप गेन लावला की सगळंच ९ नं वर येतं. खुली ओळ जागेवर आली. पण कुजबुज? श्वास? पंखा? ते तर रेषेच्या खालीच होते, त्यांना कुणी दाबलंच नव्हतं. ते ९ डेसिबल फुकट वर आले.

आत्याचा घोळ इथे होता! कॉम्प्रेसर हळू आवाजाला हातही लावत नाही. तो मोठ्याला खाली बसवतो, आणि मग आपण सगळ्यांना मिळून वर उचलतो. माझा प्रीसेट १० डेसिबलच्या वर दाबत होता आणि रिलीज अगदी जलद होता. आत्याची ओळ संपली, की पापणी लवायच्या आत कॉम्प्रेसर हात सोडायचा आणि खोलीतली सगळी हवा वर यायची. ह्याला पंपिंग म्हणतात. आमच्या केसमध्ये पंखा पंप होत होता.

आणखी एक उदाहरण सांगतो, मग वळतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या एसएसएल कंपनीनं आपल्या मोठ्या मिक्सिंग टेबलांत कॉम्प्रेसर आतच बसवायला सुरुवात केली. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत त्यांच्या टेबलाला एक ‘ऐकायचा माइक’ होता. वादक खोलीत कुठेही उभे असले तरी त्यांचं बोलणं इंजिनीअरला ऐकू यावं म्हणून त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर. १९८० मध्ये बाहेर आलेल्या पीटर गेब्रिएलच्या अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या वेळी फिल कॉलिन्स ड्रम वाजवत असताना तो माइक चालू राहिला, आणि इंजिनीअर ह्यू पॅडगम ह्यांच्या कानावर एक अजस्र आवाज आला. तो मग त्यांनी मुद्दाम रेकॉर्डिंगमध्ये घेतला, शेपटी गेटनं कापून. पुढच्या अख्ख्या दशकाचे ड्रम त्या आवाजाचे झाले. जो कॉम्प्रेसर बोलणं ऐकायला लावला होता, त्यानं खोलीच ऐकवली. माझ्या पंख्याचंही तेच झालं, फक्त मला त्यासाठी कुणी रॉयल्टी देणार नव्हतं.

त्यानंतर सगळं संगणकात आलं. १९९६ मध्ये स्टाइनबर्गनं व्हीएसटी ही प्लगइनची पद्धत आणली, आणि तीस किलोचं फेअरचाइल्ड काही एमबीत मावायला लागलं. आपल्या दृष्टीनं बघाल तर आतला कोड लाजिरवाणा सोपा आहे. आवाजाची पातळी मोजणारा एक चल. प्रत्येक सॅम्पलला जुनी किंमत थोडी आणि नवी थोडी मिसळायची. पातळी चढत असेल तेव्हा मिसळायचं प्रमाण अटॅकवरून, उतरत असेल तेव्हा रिलीजवरून. मी पायथनमध्ये लिहून पाहिला, तीसेक ओळींत झाला. त्यातूनच एक कळलं. अटॅक १० मिलिसेकंद म्हणजे १० मिलिसेकंद थांबून मग दाबतो असं नव्हे. तो लगेच दाबायला लागतो, तेवढ्या वेळात बहुतेक मजल मारतो. आणि ‘बहुतेक’ म्हणजे किती ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून एका प्लगइनमधले आकडे दुसऱ्यात तसेच टाकले तर वेगळं ऐकू येतं. आकडे पाठ करून उपयोग नाही, तो हे असा.

आणखी एक. १०० हर्ट्झच्या खर्जाच्या लहरीचा एक हेलकावा १० मिलिसेकंदांचा असतो. अटॅक-रिलीज दोन्ही त्याहून जलद ठेवले तर कॉम्प्रेसर गाण्याच्या चढउताराऐवजी त्या एकेका हेलकाव्याच्याच मागे धावायला लागतो आणि आवाज खरखरीत होतो. हात थरथरत असल्यासारखं.

संगणकानं एक गोष्ट अशी दिली जी जुन्या यंत्रांना जमत नव्हती. पुढचं बघणं. आवाज काही मिलिसेकंद उशिरा बाहेर सोडायचा, आणि तेवढ्यात पुढे काय येतंय ते तपासून आधीच दाबायला लागायचं. वेव्हज कंपनीचा १९९४ चा एल-१ ह्याच जातीचा. स्वरलिपी उघडून बसलेला तो माणूस पुन्हा आला की! फक्त ह्याला पुढचं पान नाही, पुढची काही अक्षरं दिसतात.

आणि मग १९३७ ची लालूच परत आली. सीडीला छत पक्कं असतं, त्याच्या वर एक बिटही जात नाही. पण छतापर्यंत सगळं घट्ट भरता येतं. शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं वाटावं म्हणून प्रत्येकानं सरासरी वर उचलायला सुरुवात केली. २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला, तेव्हा चाहत्यांच्या लक्षात आलं की ‘गिटार हिरो’ ह्या व्हिडिओ गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा बरी ऐकू येतात, कारण तिथे ती कमी दाबलेली होती. शेवटी मोजमापानंच थोडा तोडगा काढला. आवाजाचा कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायची पद्धत २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली, २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी त्यावर नियम केला, आणि आता स्ट्रीमिंगवालेही गाणी साधारण एका पातळीला आणून वाजवतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्स. म्हणजे तुम्ही कितीही ठासून भरा, ते आवाज खालीच आणणार. मोठं झाल्याचा फायदा गेला, चिरडल्याचा तोटा मात्र राहिला.

असो. तर आत्या.

एवढं सगळं झाल्यावर मी पुन्हा बसलो, आणि ह्यावेळी आधी नॉबला हात लावला नाही. डोळे मिटून गौळण ऐकली. कुजबुजलेली ओळ ही गोपीची तक्रार होती, स्वतःशीच केलेली. आणि खुली ओळ म्हणजे यशोदेला मारलेली हाक. ती मोठी-लहान होती ती माइक चुकीचा ठेवला म्हणून नव्हे, आत्यानं तशी म्हटली म्हणून. माझ्या प्रीसेटनं गोपीला आणि यशोदेला एकाच आवाजात बोलायला लावलं होतं. कुठल्या कॉम्प्रेसरला हे कळणार? त्याला रेषेच्या वर आणि रेषेच्या खाली एवढंच कळतं.

म्हणून बहुतेक काम मी हातानं केलं. चार मिनिटांच्या गौळणीत ३८ ठिकाणी आवाजाची रेषा थोडी वर, थोडी खाली केली. कुजबुज स्पीकरवर ऐकू येईल इतकीच वर आणली, हाक फाटणार नाही इतकीच खाली. श्वास जिथे होते तिथेच ठेवले. मग त्यावर कॉम्प्रेसर. रेशो २:१, सॉफ्ट नी. अटॅक ३० मिलिसेकंद, म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर मोकळं सुटतं. रिलीज पाव सेकंदाच्या आसपास, म्हणजे ओळ संपल्यावर हात घाईनं सुटत नाही. थ्रेशोल्ड असा, की फक्त हाकेच्या ओळींवर काटा ३ डेसिबल मागे जाईल आणि बाकी वेळ स्वस्थ राहील. मेकअप गेन तेवढाच, ३.

हे आकडे तुमच्या गाण्याला लागू पडणार नाहीत, उगाच उतरवून घेऊ नका. ते त्या चार प्रश्नांची माझी उत्तरं आहेत. प्रश्न मात्र तेच राहतील. कधी हात घालायचा, किती दाबायचं, किती चटकन, आणि कधी सोडायचं. नव्वद-शंभर वर्षांच्या ह्या कारभारानंतर मी शेवटी जे केलं ते १९२० च्या दशकातल्या त्या माणसाचंच काम होतं. पुढे काय येणार ते ठाऊक असलेला एक हात, आणि जिथे हात पोचत नाही तिथे यंत्र.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आईला पुन्हा ऐकवलं. ह्यावेळी ती मध्ये काही बोलली नाही. कुजबुजलेल्या ओळीला तिनं मोबाइल उचलून कानाशी नेला. मुद्दाम नाही, आपोआप. आत्या देवघरासमोर ती ओळ म्हणायची तेव्हा आम्ही सगळे असेच थोडे पुढे सरकायचो.

संपल्यावर म्हणाली, "ती कुकरची शिट्टी काढता नाही का आली?"

म्हटलं, येते की. काढू?

थोडा वेळ विचार केला तिनं. "नको. राहू दे. वरणाचा कुकर होता तो, मीच लावला होता."

ठेवली. उणे २८ डेसिबलवर आहे, थ्रेशोल्डच्या पार खाली. तिला कुणी दाबलेलं नाही.